आठ-बिट गेमांचे संगीत म्हणजे नुसती पिपाणी?

रामबागकर:
काल येथे ‘षड्ज-पंचम’ यांनी लिहिले की, जुन्या आठ-बिट व्हिडिओ गेमांचे संगीत म्हणजे नुसती पिपाणी असून ते आवडते म्हणणारे केवळ बालपण आठवून गहिवरतात, आणि खरे संगीत 16-बिट यंत्रांपासून सुरू झाले. हे विधान मला इतके खटकले की सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

1983 साली जपानमध्ये आलेल्या निंटेंडोच्या फॅमिकॉम या आठ-बिट गेम-यंत्रात पाचच चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे पाचच आवाज, होते: चौकोनी लहरींचे दोन, त्रिकोणी लहरीचा एक, खरखरीचा एक आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांचा एक. त्रिकोणी चॅनेलचा आवाज लहान-मोठा करण्याची सोयच नव्हती. तो एक तर वाजे, नाही तर गप्प बसे. एवढ्या सामग्रीवर कोजी कोंदो यांनी 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत रचले आणि चित्रांसकट तो अख्खा गेम 40 किलोबाइटांत मावला. मारिओने उडी मारली की उडीचा आवाज एक चॅनेल अडवतो, एक सूर क्षणभर लोपतो, तरी चाल तुटत नाही. हे रचनेचे बळ आहे, गहिवर नव्हे.

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर हा गेम चाले. आजी हार्मोनियम वाजवीत असे. पाण्याखालची चाल सुरू झाली की गहू निवडता निवडता तिचा डावा हात आपोआप मांडीवर दादरा धरी. तिला मारिओ कोण हेही ठाऊक नव्हते. मग तिला कोणते बालपण आठवत होते?

षड्ज-पंचम:
आपल्या आजींविषयी आदर राखूनच लिहितो. दादरा धरता येणे हा तालाचा गुण झाला, नादाचा नव्हे. फॅमिकॉमनंतर आलेल्या 16-बिट सुपर फॅमिकॉमची ध्वनिचिप सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवली. तिच्यात आठ चॅनेल, 64 किलोबाइट स्मृती आणि प्रतिध्वनीची सोय होती. 1994 च्या ‘डाँकी काँग कंट्री’मधील डेव्हिड वाइज यांची पाण्याखालची रचना मी मामेभावाकडे प्रथम ऐकली, तेव्हा हातातला कंट्रोलर खाली ठेवून नुसता ऐकत बसलो. मारिओने तसे मला कधी बसवले नाही.

मेगाप्रेमी:
दरवेळी दोन्ही पक्ष निंटेंडोचेच, आणि सेगा कंपनीची 16-बिट मेगा ड्राइव्ह जणू जन्मलीच नाही! तिच्या यामाहा चिपचे सहा एफएम (एका लहरीने दुसरी बदलून सूर घडवणारे) चॅनेल, आणि 1991 च्या ‘सॉनिक’साठी ‘ड्रीम्स कम ट्रू’ या जपानी बँडचे मासातो नाकामुरा यांनी दिलेल्या चाली यांचा उल्लेखही न करता ही चर्चा चालावी, याचे वाईट वाटते.

जुना मेकॅनिक:
मी जेल रोडवर बारा वर्षे ही यंत्रे दुरुस्त केली, म्हणून मूळ मुद्दा सांगतो. रामबागकर, तुम्ही फॅमिकॉम ऐकलाच नाही. आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून बहुतेक नकलाच विकल्या जात. उघडल्या की आत चिपऐवजी काळ्या लेपाचा ठिपका दिसे. पुष्कळ नकलांमध्ये चौकोनी लहरीच्या रुंदीचे दोन पर्याय उलटे झालेले होते, त्यामुळे जेथे भरदार सूर हवा तेथे नाकातला येई आणि नाकातला हवा तेथे भरदार. शिवाय जपानी टीव्हीवर चित्र सेकंदाला 60 वेळा फिरते, आपल्याकडे 50 वेळा. आणि या गेमांचे संगीत चित्राच्या फेरीगणिकच पुढे सरकते. म्हणून 50 सेकंदांची चाल अशा 50 फेऱ्यांच्या नकलेवर 60 सेकंद घेई. जे संगीत तुम्ही उचलून धरता आहात, ते कोंदो यांनी त्या रूपात रचलेलेच नाही.

रामबागकर:
हे वाचून मला संताप आला, हे लपवत नाही. वडिलांनी दोन महिने पैसे बाजूला टाकून ते यंत्र आणले होते. चाल तीच, सूर तेच. लय सावकाश झाली म्हणून बंदिश बदलते का? आमच्या शहरात उस्ताद अमीर खाँ यांची अतिविलंबित गायकी ज्यांनी ऐकली, त्यांना लयीचा फरक कोणी शिकवू नये.

जुना मेकॅनिक:
खाँसाहेबांची लय त्यांनी स्वतः निवडलेली होती. तुमची लय टीव्हीने ठरवली. हा फरक लहान नाही.

रामबागकर:
काल रात्री मूळ वेग लावून ऐकले. तुमचे म्हणणे खरे आहे, हे जड मनाने मान्य करतो. जमिनीवरची चाल त्या वेगात अधिक उमलते. परंतु पाण्याखालच्या चालीवर आजीसारखा दादरा धरून पाहिला, तर हात पुढे पळू लागला. तिचा ठेका त्या वेगाचा नव्हताच.

षड्ज-पंचम:
मीही दोन्ही वेग ऐकले. त्रिकोणी चॅनेलला आवाजाची चढ-उतार नसताना त्यावर खर्ज इतका डोलता ठेवणे कठीण आहे, एवढे कबूल. नादाबद्दलचे माझे मत कायम आहे. मात्र पाण्याखालची चाल मलाही संथच बरी वाटली.