सह्याद्रीत उघड्यावर झोपायला बिव्ही बॅग: घ्यावी की नको?

मुलुंडकर

दिवाळी झाली. शुक्रवारी रात्रीच्या कसारा लोकलमध्ये पुन्हा सॅकांची गर्दी दिसायला लागली आहे, म्हणून हा विषय आत्ताच काढतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत सह्याद्रीत एकट्याने डोंगरावर मुक्काम करायचा असेल तर तंबू घरी ठेवा आणि बिव्ही बॅग न्या, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्लीपिंग बॅगवर चढवायची ही एक खोळ असते. खालचं कापड पक्कं, त्यातून पाणी येत नाही. वरचं कापड पाणी अडवतं पण आतली वाफ बाहेर सोडतं. डोक्याशी चेन, आणि बॅग चांगली असेल तर तोंडावर बारीक जाळी. माझी साडेपाचशे ग्रॅमची आहे. गुंडाळली की लिटरभराच्या पाण्याच्या बाटलीएवढी होते.

गेल्या जानेवारीत आम्ही तिघे नाणेघाटात गेलो होतो. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी धरली, वैशाखऱ्याला उतरलो आणि संध्याकाळपर्यंत घाट चढून पठारावर पोचलो. वर सगळा कातळ, खुंट्या ठोकायला मातीच नाही. दोघा मित्रांनी तंबूच्या दोऱ्या दगडांना बांधल्या, त्यात पाऊण तास गेला, आणि रात्रभर वाऱ्याने त्या कापडाची फडफड चालू होती. मी एका गुडघाभर उंचीच्या खडकाआड कॅरीमॅट (जमिनीवर अंथरायची फोमची पट्टी) टाकली, बिव्हीत शिरलो, संपलं. दोनच्या सुमारास जाग आली तेव्हा मृग नक्षत्र पश्चिमेला कललं होतं आणि खाली कोकणात गावांचे दिवे दिसत होते. तंबूत असतो तर पिवळं नायलॉन बघत पडलो असतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुक्काम म्हटला की आपण गुहा शोधतो, तिथेच चूल मांडतो. किती गुहांचं छत धुराने काळं झालंय ते प्रत्येकाने पाहिलं आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, दोन हजार वर्षांचा. अशा जागी पथाऱ्या पसरायला नकोत. बिव्ही असली की गुहेची गरज उरत नाही. माणूस झोपला होता याची सकाळी खूणही राहत नाही.

गोरेगावची भटकी

मुलुंडकर, वर्णन वाचून जावंसं वाटतं, पण मी दोन हिवाळे बिव्ही वापरून विकून टाकली आहे.

भंडारदऱ्याच्या पाण्याजवळ डिसेंबरात झोपले होते. थंडी इतकी होती की चेन पूर्ण ओढून घेतली. सकाळी स्लीपिंग बॅग बाहेर ओढली तर पायाकडचा भाग आणि तोंडाजवळची कड चिंब. बिव्हीच्या आतल्या बाजूने हात फिरवला तर तळवा ओला झाला. पाऊस नव्हता, बाहेरून थेंबही शिरला नव्हता, सगळं माझंच पाणी. परत येऊन ती स्लीपिंग बॅग वन आरकेच्या गॅलरीत वाळवायला तीन दिवस लागले.

आणि एक गोष्ट पुरुषांच्या लक्षातच येत नाही. कपडे बदलायचे कुठे? पाळी आली असेल तर? तंबू हा माझ्यासाठी आधी आडोसा आहे, मग छप्पर. उघड्या पठारावर एका पिशवीत तोंड उघडं ठेवून झोपताना, रात्री शेजारी दुसरा अनोळखी ग्रुप येऊन टेकला तर मला झोप लागत नाही. तुम्हाला लागत असेल.

मुलुंडकर

आडोशाबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण मान्य. माझ्या लिहिण्यात ते यायला हवं होतं.

ओलाव्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के तक्रारी याच असतात. झोपेत माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून मिळून रात्रीत साधारण पाव लिटर पाणी बाहेर पडतं. त्यातलं श्वासाचं पाणी बॅगेत अडकलं की घोटाळा होतो. तोंड आत घेऊन चेन लावायची नाही, हा पहिला नियम. नाक कापडाबाहेर, वर फक्त जाळी, डोक्याला कानटोपी. पूर्ण बंद पिशवीत गुदमरण्याचाही धोका आहे, तेव्हा हा नुसता सोयीचा प्रश्न नाही.

वाफ सोडणारं कापड आपोआप वाफ बाहेर फेकत नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तरच वाफ बाहेर जाते. बाहेर हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर ती जाणार कुठे? म्हणून पावसाळ्यात बिव्ही म्हणजे प्लॅस्टिकची पिशवीच, तिथे माझं तुमच्याशी भांडण नाही. हिवाळ्यातही जागा चुकली की तेच होतं. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखालचं कापड हवेपेक्षाही गार पडतं, त्यावर बाहेरून दव धरतं आणि आतून वाफेचं पाणी होतं. गार हवा जड, ती रात्री उतारावरून खाली ओघळते आणि तळ्याकाठी, दरीच्या बुडाशी साठते. भंडारदऱ्याच्या काठी तुम्ही नेमक्या त्या साठ्यात झोपलात. काठापासून थोडं वर, झाडाखाली किंवा कातळाच्या पुढे आलेल्या कडेखाली पथारी टाकली असती तर दव निम्म्यानेही पडलं नसतं.

परळचा डॉक्टर

दवाचं ठीक आहे. सापाचं काय? मी काही वर्षं कोकणातल्या सरकारी दवाखान्यात काम केलं आहे, म्हणून लिहितो.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. जमिनीवर झोपणाऱ्याने भ्यायचं ते मण्यारीला. ती रात्री फिरते, भक्ष्य शोधत पांघरुणात शिरते, आणि माणूस कुशीवर वळला की चावते. चावा इतका बारीक की बहुतेकांना जागच येत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होऊन उघडेनाशा होतात, घोट गिळवत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. लोक म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. तेवढ्यात वेळ गेलेला असतो. सर्पविषावरचं औषध आणि कृत्रिम श्वास वेळेत मिळाला तर माणूस वाचतो. पण रतनगडावर हे झालं तर अंधारात शिड्या उतरून रतनवाडी, तिथून गाडी करून राजूर नाहीतर अकोलं. हिशेब करा.

विंचवाचंही तेच. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, त्यानंतर या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. पण ती गोळी देणारा माणूस तुमच्या पठारावर नसतो.

मुलुंडकर

डॉक्टर, थंडीत साप फारसे फिरत नाहीत ना? सर्पदंश सर्वात जास्त पावसाळ्यात होतात असं वाचलं आहे.

परळचा डॉक्टर

पावसाळ्यात जास्त, बरोबर. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि घाटाखाली कोकणात जानेवारीतही रात्री फारशा गार नसतात. तुम्ही थंडीचा भरवसा देता तो १४०० मीटरवरच्या हरिश्चंद्रगडाचा, आणि माणसं ऐकून झोपतात पायथ्याच्या शेतात.

एक सांगतो, तुमच्याच बाजूचं आहे. जाळीची चेन पूर्ण लावलेली बिव्ही मण्यारीपासून तितकीच चांगली जितकी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. उघड्या तोंडाची, जाळी नसलेली बिव्ही घातक, कारण आत ऊब आहे आणि बाहेर पडायला वाट अरुंद. ज्यांच्या बॅगेला जाळी नाही त्यांनी उघड्यावर झोपू नये. बूट सकाळी झटकल्याशिवाय घालू नका. चावल्याचा नुसता संशय आला तरी चीर देणं, चोखणं, करकचून बांधणं काही करू नका. हातपाय न हलवता माणसाला खाली आणा, १०८ ला फोन करा.

शहापूरकर

मी आजोबा डोंगराच्या पायथ्याकडचा. तुमच्या पिशवीबद्दल मला माहिती नाही, पण बाहेर झोपण्याबद्दल आहे.

आत्ता आमच्याकडे खळ्यावर भाताच्या उडव्या रचलेल्या आहेत. राखणीला कोणीतरी बाहेर झोपतंच. माझे आजोबा, वडील आयुष्यभर झोपले. पण जमिनीवर नाही, बाजेवर. भाताला उंदीर येतो, उंदरामागे साप येतो, हे लहान पोराला ठाऊक असतं. पेंढा मऊ दिसतो म्हणून शहरातली मुलं त्यावर अंथरुण टाकतात तेव्हा आम्ही त्यांना उठवतो.

मुलुंडकर म्हणतात मागे खूण राहत नाही. खरं आहे. पण गावातून न बोलता वर जायचं, वर झोपायचं, सकाळी न बोलता उतरायचं, यात आम्हाला काय मिळतं? आमच्या पडवीत झोपा. तांदळाची भाकरी खा. त्या पैशांत कोणाच्या तरी मुलीची पुस्तकं येतात. पहाटे चारला उठून आमच्यातला एक माणूस घ्या, उजाडायच्या आत माथ्यावर पोचाल. आणि काही झालं तर शोधायला जाणारे आम्हीच असतो, तेव्हा वर कोण गेलंय एवढं तरी आम्हाला माहीत असू द्या.

ठाणेकर काका

शहापूरकरांच्या शेवटच्या वाक्यावर माझीही सही.

८० च्या दशकात आमच्याकडे घोंगडी आणि मेणकापड, इतकंच होतं. खाली मेणकापड, वर घोंगडी. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते आणि तिच्यात घाम कोंडत नाही. चाळीच्या गच्चीवर मे महिन्यात सगळी बिऱ्हाडं पथाऱ्या टाकायची, उघड्यावर झोपायची सवय आम्हाला तिथे लागली. पिशवीसाठी पाच आकडी रक्कम मोजायची गरज मला अजून पटलेली नाही. पण घोंगडी अडीच किलोची, आणि माझे गुडघे आता ती उचलत नाहीत, हेही खरं.

हिमवाट

सगळे मुक्कामाचंच बोलताय. बिव्हीचा खरा जन्म अडचणीसाठी आहे. १९५३ साली ऑस्ट्रियन गिर्यारोहक हर्मन बूल नंगा पर्बतावरून उतरताना सुमारे ८००० मीटरवर एका अरुंद कड्यावर रात्रभर उभा राहिला, तंबू नाही, पिशवी नाही. जगला, पण हिमदंशाने पायाची बोटं गेली. सह्याद्रीत तसं हिम नाही. पण घोटा मुरगळून एखादा मागे अडकला आणि रात्र झाली, तर साधी शंभर-दीडशे ग्रॅमची आपत्कालीन पिशवी त्याला वाऱ्यापासून वाचवते. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असावी. रोज झोपायला तंबू घ्या की बिव्ही, तो आवडीचा प्रश्न आहे.

मुलुंडकर

हिमवाट, आवडीचा नाही, जागेचा आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा वारा ज्याने अनुभवला त्याला विचारा. दरीतून वर येणाऱ्या त्या झोतात उभा तंबू म्हणजे शीड होतं, आणि जमिनीला चिकटलेला माणूस वाऱ्याच्या वाटेतच येत नाही. फक्त कड्याच्या धारेपासून भरपूर आत झोपा. रात्री लघवीला उठताना दिशा चुकायला एक पाऊल पुरतं.

शहापूरकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. नाणेघाटात आम्ही खाली कोणालाच सांगितलं नव्हतं. यापुढे पायथ्याला नाव, फोन आणि परतीची वेळ सांगितल्याशिवाय चढणार नाही. एक जेवण गावात, हेही करणार. मात्र रात्र पडवीत नाही. मी डोंगरावर जातो ते रात्रीसाठीच. दिवसा तर मुंबईतूनही डोंगर दिसतो.

गोरेगावची भटकी

मग आता वजनाचंही होऊन जाऊ दे, कारण तुमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आम्ही दोघी जातो. आमचा तंबू १८०० ग्रॅमचा, वाटून घेतला की प्रत्येकी ९००. तुमची बिव्ही ५५०. फरक साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे एक मोठा पाण्याचा घोट आणि दोन चिक्क्या. तेवढ्यासाठी मी आडोसा, बसायची जागा, सॅक आत ठेवायची सोय आणि अवकाळी पावसात स्वयंपाक करायची जागा सोडून देऊ? माकडांनी एकदा बाहेर ठेवलेली अख्खी सॅक उचकली आहे माझी.

मुलुंडकर

दोघींना तंबूच बरा. मी सुरुवातीलाच 'एकट्याने' लिहिलं आहे. एकट्याला तो अठराशेचा अठराशेच उचलावा लागतो.

गोरेगावची भटकी

आणि मी एकटी रात्री डोंगरावर जात नाही. म्हणून तुमचं उत्तर तुमच्यापुरतं बरोबर आहे, 'सह्याद्रीत मुक्काम करायचा असेल तर' इतक्या मोठ्या तोंडाने सांगण्यासारखं नाही.

नवा गडी

मी पहिल्यांदाच सामान घेणार आहे. वाचून गोंधळलोय. आधी काय घेऊ?

मुलुंडकर

आधी चांगली कॅरीमॅट. जमीन अंगातली ऊब हवेपेक्षा वेगाने ओढते, वर कितीही पांघरा. बिव्ही विकत घेऊ नका, माझी घेऊन जा. मुलुंडमध्ये गच्चीवर एक रात्र काढून बघा, आत-बाहेर करायला जमतं का, कोंडल्यासारखं वाटतं का. घाम येईल, कारण मुंबईची हवा दमट. त्यावरून डोंगरातला निकाल काढू नका.

गोरेगावची भटकी

गच्चीपेक्षा त्याला नाणेघाटातच न्या, मीही मैत्रिणीला घेऊन येते. आमचा तंबू आणि तुमची बिव्ही शेजारी शेजारी. रात्री झोपण्याआधी आणि सकाळी उठल्यावर दोन्हीकडच्या स्लीपिंग बॅगा तोलायच्या. किती पाणी प्यायल्या ते ग्रॅममध्ये कळेल. विमानाचं सामान तोलायचा काटा माझ्याकडे आहे.

मुलुंडकर

चालेल. जानेवारीची अमावस्या धरू. बॅगा दोन्ही एकाच जातीच्या हव्यात, नाहीतर पिसांची एक आणि कृत्रिम भरणाची दुसरी अशी तुलना होईल. आणि जेवण नाणेघाटाजवळच्या घाटघर गावात, आधी फोन करून.