सँटोरिनीला क्रूझ एकच दिवस थांबणार आहे. फिरा ते इया पायी चालण्याच्या बेताबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि आमची एकोणीस वर्षांची मुलगी असे तिघे ग्रीक बेटांच्या क्रूझवर जाणार आहोत. तिच्यात सँटोरिनीच्या वाट्याला एकच दिवस आला आहे. जहाज सकाळी ८ वाजता बेटापाशी पोहोचेल आणि किनाऱ्यावरून जहाजाकडे नेणारी शेवटची होडी दुपारी ४.३० वाजता सुटेल. हा दिवस आम्हाला बसच्या खिडकीत किंवा दुकानांच्या रांगेत घालवायचा नाही, तर पायांनी बेट पाहायचे आहे.

इतके आवर्जून सांगण्याचे कारण असे की, मागच्या क्रूझवर एका बेटावर आम्ही जहाजाकडूनच ‘डोंगर-भ्रमंती’ नावाची सहल घेतली होती आणि पाच तासांपैकी जवळजवळ साडेतीन तास आम्ही बसमध्येच होतो. प्रत्यक्ष चालणे वीस मिनिटांचे झाले, तेही डांबरी रस्त्यावर. मुलगी पूर्ण वेळ काचेतून तो डोंगर पाहत राहिली. तिचा तो चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून या वेळी बेत आपणच नीट आखावा असे मी ठरवले आहे.

आतापर्यंत वाचून जे समजले, ते आधी मांडते. चुकत असेल तर दुरुस्त करावे. सँटोरिनीला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. बेटाचा चंद्रकोरीसारखा आकार हा ज्वालामुखीच्या स्फोटांनंतर खचलेल्या विवराचा उरलेला काठ आहे. त्या विवरात समुद्र शिरलेला असून तो फार खोल असल्यामुळे प्रवाशांना छोट्या होड्यांनी फिरा गावाखालच्या जुन्या बंदरात सोडतात. तिथून गाव सुमारे २२० मीटर उंच कड्यावर आहे. वर जायला केबल कार आहे, सुमारे ५९० पायऱ्यांची नागमोडी वाट आहे आणि त्याच वाटेवर गाढवेही आहेत. गाढवावर बसण्याचा आमचा विचार नाही. २०१८ मध्ये ग्रीक सरकारला १०० किलोंहून, किंवा जनावराच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक भार लादू नये असा नियम करावा लागला, यावरूनच त्यांचे हाल समजतात.

मनात मुख्य बेत आहे तो फिरा ते इया या वाटेचा. ही वाट कड्याच्या काठाकाठाने फिरोस्तेफानी आणि इमेरोविग्ली या गावांतून जाते, अंतर साधारण १० किलोमीटर आहे आणि वेळ तीन ते चार तास लागतो असे सगळीकडे लिहिलेले आहे. दुसरा पर्याय निआ कामेनीचा, म्हणजे विवराच्या मधोमध वर आलेल्या काळ्या ज्वालामुखी बेटाचा, ज्याचा शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला. तिथे होडीने जाऊन मुखापर्यंत चढता येते. तिसरा पर्याय मेसा वूनो डोंगरावरच्या प्राचीन थेरा नगरीच्या अवशेषांपर्यंत चढून जाण्याचा. पण ते ठिकाण बेटाच्या दुसऱ्या बाजूला, कमारी आणि पेरिसा यांच्या मधल्या उंचीवर असल्यामुळे जाण्यायेण्यातच वेळ संपेल अशी मला भीती वाटते.

आमची कुवतही सांगायला हवी. मुलगी भरपूर चालते आणि उत्तम पोहते. मला १२ किलोमीटरपर्यंत चालण्याची सवय आहे, पण पोहणे जेमतेम येते. यजमानांना सपाटीवर आणि चढावर काहीच त्रास होत नाही. उतारावर मात्र त्यांचा उजवा गुडघा दुखतो आणि सलग मोठा उतार आला की थांबत थांबत यावे लागते.

तर प्रश्न असे. होडी, केबल कारची रांग आणि परतीचा प्रवास धरून ४.३० च्या आत ही वाट निर्धास्तपणे पुरी होते का, की अर्ध्यातून परतावे हेच शहाणपणाचे? गुडघ्याच्या दृष्टीने तिचा कोणता भाग अवघड आहे? आणि सकाळी होडीतून उतरायलाच उशीर झाला, तर हाताशी कोणता बेत ठेवावा?

प्रतिसाद १

तुमचा बेत योग्य आहे, फक्त दिशा उलटी करा. आम्ही फिराहून चालत निघालो होतो आणि शेवटचा तासभर वाटेपेक्षा घड्याळाकडेच जास्त पाहत होतो, कारण प्रत्येक पावलागणिक जहाजापासून लांब जात होतो आणि इयाहून परतीच्या बसमध्ये जागा मिळेल की नाही याची खात्री नव्हती. त्याऐवजी सकाळी केबल कारने वर या, फिराच्या बस स्थानकावरून इयाची बस पकडा आणि इयाहून फिराकडे चालत या. बसला साधारण अर्धा तास लागतो. तिकीट बसमध्येच मिळते, त्यासाठी सुटे युरो जवळ असू द्यावेत.

उलट दिशेचा खरा फायदा गुडघ्याला आहे. इया सोडल्यावर पहिल्या अर्ध्या भागात लाल आणि काळ्या ज्वालामुखी दगडांची सुटी खडी पसरलेली वाट आहे. छोटे छोटे चढ-उतार आहेत आणि सावली अजिबात नाही. अवघड म्हणावा असा भाग एवढाच. तो सकाळी, पाय ताजे असताना पार पडतो. मध्ये एके ठिकाणी वाट गाडीरस्त्याजवळ येते आणि बेट इतके अरुंद होते की दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. तिथे दहा मिनिटे अवश्य बसा. पुढे चढून इमेरोविग्लीला पोहोचलात की फरसबंदी वाट, घरे, पाणी, बस, सगळे काही आहे. यजमान थकले तर तिथून त्यांना बसने किंवा टॅक्सीने फिराला जाता येईल. फिराहून निघालात तर हीच सोय सुरुवातीला, म्हणजे नको तेव्हा मिळते.

वेळेचा हिशोब मी असा धरेन: होडीतून उतरून वर यायला ९.४५, इयाला पावणेअकरा, चालायला चार तास, म्हणजे पावणेतीनपर्यंत फिरा. हाती पावणेदोन तास उरतात आणि ते उरायलाच हवेत. २०२५ पासून बेटावर दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे, तरीही केबल कार एका खेपेला ३६ माणसेच नेते आणि दुपारी सगळी जहाजे आपापली माणसे एकाच सुमारास परत बोलावतात. जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर ते थांबते, आपल्या आपण फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही.

मुलीला हौस असेल तर इमेरोविग्लीहून स्कारोसच्या कड्याकडे तिला पाठवा. मध्ययुगात बेटाची राजधानी तिथल्या किल्ल्यात होती. आधी उतरून मग पुन्हा चढायचे असल्यामुळे यजमानांनी वरच थांबावे. मात्र दीड वाजून गेला असेल तर तोही मोह टाळावा.

प्रतिसाद २

गुडघ्याबद्दल एवढेच सांगते: शेवटी रांग कितीही मोठी दिसली तरी त्या ५९० पायऱ्या यजमानांना उतरायला लावू नका. दगड वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत, त्यावर लीद पडलेली असते आणि गाढवांचा कळप आला की भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. माझे गुडघे धडधाकट असूनही मी दोनदा घसरले. तुम्ही आणि मुलगी उतरू शकाल. त्यांनी केबल कारच घ्यावी.

उशीर झाल्यास निआ कामेनीचा पर्याय चांगला आहे, कारण त्या होड्या जुन्या बंदरातूनच सुटतात आणि वर गावात जावेच लागत नाही. मुखापर्यंतचा चढ अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे, पण खडी सुटी असल्यामुळे उतरताना काठी लागेल. त्याच फेरीत पुष्कळदा पालेआ कामेनीच्या कोमट झऱ्यांपाशी नेतात. तिथे होडी काठाला लागत नाही, खोल पाण्यात उडी मारून पोहत जावे लागते. म्हणून ते फक्त मुलीसाठी, आणि तेही जुन्या पोहण्याच्या कपड्यांत, कारण गंधक आणि लोह असलेल्या त्या पाण्याचे डाग निघत नाहीत.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. उलट दिशेने चालण्याचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. यजमानांना हे वाचून दाखवले, तेव्हा इमेरोविग्लीहून बस मिळते या एका गोष्टीने त्यांचा निम्मा धीर परत आला. आता असे ठरवले आहे की १०.३० पर्यंत फिराच्या बस स्थानकावर पोहोचलो तर इया, नाहीतर इमेरोविग्लीपर्यंतच चालत जाऊन परत यायचे. आणि होडीतच फार वेळ गेला तर निआ कामेनी. एक शंका उरते. सप्टेंबर अखेरीस त्या उघड्या वाटेवर वाऱ्याचा त्रास होतो का?

प्रतिसाद १

मेल्तेमी हा उत्तरेकडचा वारा मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, पण सप्टेंबरमध्येही एखादा दिवस तसा निघतो. इयाहून येताना तो पाठीकडून लागेल, त्यामुळे चालणे अडणार नाही. टोपी बांधायची दोरी असलेली घ्या, माणशी किमान दीड लिटर पाणी इयातच भरून घ्या आणि जाड तळव्याचे बूट घाला. वारा फारच असेल तर काही वेळा जहाजे होड्या सोडतच नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी जहाजावरची सूचना पाहून घ्या आणि सकाळच्या पहिल्या होड्यांची चिठ्ठी कुठे व किती वाजता मिळते तेही तेव्हाच विचारून ठेवा.