मदत हवी आहे: केस मॅनेजरांसाठी 'तीन चांगल्या गोष्टी' कशा चालवाव्यात?

रुग्णालयातल्या केस मॅनेजरांची छोटी टीम माझ्याकडे आहे. महात्मा फुले योजनेची मंजुरी, डिस्चार्जनंतरचे फोन, चिडलेले नातेवाईक, सगळं त्यांच्याच डोक्यावर. मानसशास्त्रज्ञ सेलिगमन व सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासातला, मन आनंदी ठेवण्याचा उपाय करून पाहिला: आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं. आधी छान चाललं, मग ग्रुपवर नुसतं 'चहा, चहा, सुट्टी' येऊ लागलं. पेशंट दगावला त्या दिवशी तर विचारायचीच लाज वाटते.

योगा, व्याख्यानं झालीत, ती सुचवू नका. कामाचा बोजा कमी व्हावा म्हणून वर पाठपुरावा चालूच आहे. शिफ्ट बदलताना जेमतेम दहा मिनिटं मिळतात, बजेट शून्य. तेवढ्यात, सक्ती न करता, वाईट दिवशीही खोटं वाटणार नाही असं काय घेता येईल? कुणी प्रत्यक्ष राबवलंय का?