गॅरेजमधील सुतारकामाचे टेबल रंधा मारताना डुलते, काय करावे?

सहकारनगरकर (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात सहकारनगरमधील आमच्या जुन्या बंगल्याचे गॅरेज आता रिकामे असते. साडेनऊ फूट रुंद आणि सोळा फूट लांब अशा त्या जागेत निवृत्तीनंतर घरापुरते सुतारकाम करावे, या हौसेने मी गेल्या दिवाळीत एक टेबल तयार केले. ते पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि जेवणाच्या टेबलाप्रमाणे तीस इंच उंच आहे. पाय दोन बाय दोन इंचांचे असून आडव्या पट्ट्या फक्त वरच्या बाजूला आहेत, सर्व सांधे लोखंडी अँगल व स्क्रूंनी केले आहेत आणि वर १९ मिलिमीटरचा प्लाय बसवला आहे.

टेबल नुसते उभे असते तेव्हा भक्कम वाटते. मात्र रंधा मारायला घेतला की ते लांबीच्या दिशेने असे डुलू लागते की कडेला ठेवलेला चहाचा कप प्रत्येक हाताबरोबर एकेक बोट सरकतो. असे दोन कप आतापर्यंत फुटले आहेत आणि घरातून तिसरा मिळणार नाही, असे स्पष्ट सांगण्यात आले आहे. ओळखीच्या मिस्त्रींनी पाय जाड करण्याचा सल्ला दिला, तर शेजाऱ्यांचे म्हणणे आहे की लाकडाचा नाद सोडून लोखंडी सांगाडा करून घ्यावा. नवे टेबल करायचेच झाले तर कोणता मार्ग धरावा? ते भिंतीला बांधून टाकावे का? मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून मी पाच इंची बिडाचा व्हाइस (काम घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) आणून ठेवला आहे, तोही बसवायचा आहे. आणखी एक अडचण अशी, की गॅरेजच्या फरशीला शटरकडे सोळा फुटांत साधारण दीड इंच उतार आहे.

पटाशी

नमस्कार. पाय जाड करण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहावा, अशी विनंती आहे. कोणतीही तीन इंच रुंदीची जुनी फळी घ्या आणि टेबलाच्या मागच्या बाजूला एका पायाच्या खालच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या वरच्या टोकापर्यंत तिरपी ठेवून दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू मारा. मग रंधा मारून बघा. माझा अंदाज असा, की डुलणे निम्म्याहून अधिक कमी झालेले आढळेल.

याचे कारण असे, की रंध्याचा जोर खाली दाबणारा कमी आणि आडवा ढकलणारा जास्त असतो. दोन पाय, वरची पट्टी आणि फरशी मिळून जो आयत तयार होतो, तो या आडव्या जोराने कलतो आणि समांतरभुज चौकोन होऊ पाहतो. त्याला अडवण्याचे काम तुमच्या टेबलात केवळ वरच्या कोपऱ्यांतील अँगल आणि त्यांचे बोटभर स्क्रू करत आहेत. पाय सहा इंच जाड केलात तरी सांधा तोच राहिल्यास टेबल डुलेल, फक्त अधिक वजनाने डुलेल. कर्णाची पट्टी त्या आयताचे दोन त्रिकोण करते, आणि त्रिकोणाच्या बाजू मोडल्याखेरीज त्याचा आकार बदलत नाही.

नवे टेबल करताना मी तीन बाय तीन इंचांचे पाय आणि चार बाय दोन इंचांच्या आडव्या पट्ट्या घेईन. या पट्ट्या उभ्या बसवायच्या, म्हणजे चार इंचांची बाजू उभी येईल, आणि त्या वर एक व फरशीपासून सहा इंचांवर एक अशा चारही बाजूंना द्यायच्या. पायात चौकोनी साल (खाच) पाडून पट्टीचे कुसू, म्हणजे तिच्या टोकाला कोरलेली जीभ, त्यात बसवावे. कुसूची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. सांध्याला आडवी लाकडी खुंटी मारताना एक युक्ती अवश्य करावी. पायातून भोक पाडल्यावर कुसूवरील भोक त्याच जागी न पाडता पट्टीच्या खांद्याकडे (जेथून कुसू सुरू होते तिकडे) एक ते दीड मिलिमीटर सरकवून पाडायचे. टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली की ती कुसूला आत ओढून घेते आणि सांधा क्लॅम्पशिवाय घट्ट बसतो. पुढे गोंदाने दगा दिला तरी हा सांधा सैल होत नाही.

लाकडाचा हिशेब भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये घनफुटांत होतो, म्हणून तो आधी घरी करून जावा. तीन बाय तीनचे सोळा रनिंग फूट (नुसत्या लांबीचे फूट) म्हणजे एक घनफूट, आणि चार बाय दोनचे अठरा रनिंग फूट म्हणजे एक घनफूट. चार पायांना मिळून अकरा फूट आणि पट्ट्यांना अठ्ठावीस फूट धरले तर एकूण सव्वादोन घनफूट होते, आणि कापण्यातील नुकसान धरून पावणेतीन घनफूट पुरेसे ठरते. नवे सागवान या कामासाठी घेणे मला उधळपट्टी वाटते. वाडे पाडताना निघालेले जुने सागवान मिळाले तर मात्र सोडू नये, कारण ते अनेक वर्षे मुरलेले असल्याने नंतर फारसे वाकत नाही. अशा लाकडावरून रंधा किंवा करवत चालवण्यापूर्वी चुंबक फिरवून खिळे शोधावेत. मी एकदा आळस केला आणि तुळईत दडलेल्या एका खिळ्याने रंध्याच्या पात्याला गव्हाच्या दाण्याएवढा खड्डा पाडला, जो घासून काढण्यात अख्खा रविवार गेला.

भोसरीकर

पटाशी यांनी सांगितलेले कारण अगदी बरोबर आहे, तरीही लोखंडाच्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटतात. माझी उभी हयात भोसरीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये गेली, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच मान्य करतो.

४० बाय ४० मिलिमीटरचा आणि २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर त्याचे वजन मीटरला साधारण २.४ किलो भरते. तुमच्या मापाच्या सांगाड्याला सोळा-सतरा मीटर पाइप लागतो, म्हणजे सांगाडा चाळीस किलोंच्या आसपास जातो. वेल्डिंग केलेला कोपरा मुळातच कडक असल्यामुळे साल-कुसूची खटपट वाचते आणि उधईची चिंता राहत नाही. तरीही मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी द्यावीच.

धोका वेल्डिंगच्या क्रमात आहे. माझ्या मेहुण्यांनी गेल्या वर्षी घराजवळच्या एका दुकानातून असा सांगाडा करून घेतला. कारागिराने एकेक कोपरा पूर्ण भरत नेला, वेल्ड थंड होताना आखडले, आणि सांगाडा घरी आला तेव्हा चौथा पाय फरशीपासून नऊ मिलिमीटर वर तरंगत होता. दुकानदाराचे उत्तर होते की तुमची फरशीच वाकडी आहे. म्हणून आपण स्वतः समोर उभे राहून आधी सर्व कोपऱ्यांना केवळ टाके (ठिपक्याएवढे कच्चे वेल्ड) मारून घ्यावेत, दोन्ही कर्ण टेपने मोजावेत, ते दोन मिलिमीटरच्या आत जुळले तरच पूर्ण वेल्डिंग करू द्यावे, आणि तेही समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून.

लोखंडाचा एक दोष मात्र कबूल करायला हवा. पोकळ पाइप ठोकाठोकीत घणघणतो. खाली प्लायचा एक कप्पा करून त्यावर जड हत्यारे ठेवली, तर आवाजही दबतो आणि टेबल सरकतही नाही.

जाता जाता एक सूचना. आयात केलेल्या यंत्रांच्या पेट्यांचे पाइन लाकूड आमच्या भागात स्वस्त मिळते आणि ते खालच्या कप्प्याला उत्तम चालते. त्यावरचा शिक्का मात्र वाचून घ्यावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास तापवलेले असते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि तसे लाकूड घरात कापण्यासाठी आणू नये.

सहकारनगरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी तिरप्या फळीचा प्रयोग केला. पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला (कप मागण्याची हिंमत झाली नाही) कडेला ठेवून वीस-पंचवीस वेळा रंधा मारला. पाणी हिंदकळले, परंतु पेला जागचा हलला नाही. इतके दिवस दोष लाकडाच्या जाडीत आहे असे मी समजत होतो.

हात लाकडालाच सरावलेला असल्यामुळे सांगाडा लाकडाचा करण्याचे ठरवले आहे. आता वरच्या फळीविषयी विचारतो. एक जाड लाकडी फळी घ्यावी, की प्लायचे दोन थर द्यावेत? थर केवळ स्क्रूने जोडले तर चालतील का? उंचीबद्दलही सांगावे. माझी उंची पाच फूट सात इंच आहे आणि सध्याच्या टेबलावर अर्ध्या तासात कंबर भरून येते.

गुण्या

मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नांवर थोडे सविस्तर लिहितो.

फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. परंतु हे एकसंध फळीच्या बाबतीत खरे आहे. १९ मिलिमीटरचे दोन प्लाय नुसते एकावर एक ठेवले, तर दाब येताच ते एकमेकांवरून घसरतात आणि ताठपणा फक्त दुप्पट होतो. तेच दोन थर गोंदाने सर्वत्र चिकटवले की घसरण थांबते आणि ३८ मिलिमीटरची एकच फळी असल्यासारखे वागतात. चार-सहा ठिकाणी मारलेले स्क्रू ही घसरण पुरेशी रोखू शकत नाहीत. एखादी जुनी वही टेबलाच्या कडेबाहेर अर्धी काढून धरल्यास तिचे बाहेरचे टोक लोंबते आणि पाने एकमेकांवरून सरकलेली दिसतात. तीच वही बाजूंनी घट्ट आवळून धरली की ताठ राहते.

चिकटवताना पांढरा गोंद दातेरी पत्र्याने संपूर्ण पृष्ठावर पसरावा आणि खालच्या बाजूने दर सहा ते आठ इंचांवर स्क्रू मारून दाब द्यावा. दुसऱ्या दिवशी हे स्क्रू काढून टाकावेत, म्हणजे पुढे फळीत भोके पाडताना ड्रिल त्यांच्यावर आपटणार नाही. हे काम भर पावसाळ्यात काढू नये, कारण दमट हवेत गोंद सुकायला बराच अधिक वेळ घेतो. प्लाय आयएस ३०३ मानकातील बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचा घ्यावा. गॅरेजसाठी आयएस ७१०च्या मरीन प्लायची गरज मला वाटत नाही. सर्वांत वर सहा मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) चार स्क्रूंनी बसवावा आणि तो खराब झाला की बदलावा.

एकसंध लाकडी फळी दिसायला देखणी असते, यात वाद नाही. पण पुण्याचा कोरडा एप्रिल आणि दमट ऑगस्ट यांत लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते व फुगते. पावसाळ्यात आपल्या घरांची दारे चौकटीत अडकतात ती याचमुळे. दोन फूट रुंदीच्या फळीत हा फरक काही मिलिमीटरचा असतो, म्हणून तशी फळी घेतल्यास सांगाड्याला जोडण्याची भोके लांबट पाडावी लागतात, अन्यथा ती तडकते. प्लायमध्ये थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात असल्याने ही कटकट जवळजवळ राहत नाही.

उंचीसाठी सरळ उभे राहून हात सैल सोडावा आणि मनगटाची घडी फरशीपासून किती उंच येते ते मोजावे. हातरंध्याच्या कामाला टेबलाचा पृष्ठभाग तेथे असावा. तुमच्या उंचीला हे माप बत्तीस ते तेहतीस इंचांच्या आसपास येईल. जेवणाचे टेबल बसून वापरण्यासाठी असते, त्यामुळे त्याचे माप घेतल्यावर कंबर तक्रार करणारच.

व्हाइसचे गणित मात्र वेगळे आहे. कानस चालवण्यासाठी त्याच्या जबड्याची वरची कड आपल्या कोपराच्या उंचीला हवी, म्हणून गरज भासल्यास व्हाइसखाली कठीण लाकडाचा ठोकळा द्यावा. तो टेबलाच्या मध्यावर बसवू नये. पायाच्या थेट वर बसवावा, म्हणजे हातोड्याचा घाव सरळ फरशीत उतरेल. मागचा स्थिर जबडा टेबलाच्या पुढच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवावा, कारण तो आत राहिला तर लांब पट्टी उभी पकडता येत नाही आणि ही चूक नेमकी भोके पाडून झाल्यावर लक्षात येते. लाकडासाठीचे स्क्रू येथे चालणार नाहीत. १० किंवा १२ मिलिमीटरचे आरपार बोल्ट घालून खाली मोठे वॉशर द्यावेत.

भिंतीला बांधण्याच्या मी विरोधात आहे. जुन्या विटांच्या भिंतीतील प्लग रोजच्या हादऱ्यांनी सैल होतात, आणि लांब दार रंधायला घेतले की टेबल पुढे ओढावेसे वाटतेच. भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवले तर ओलही लागत नाही.

पटाशी

उताराचा मुद्दा राहून गेला होता, तो पूर्ण करतो. सोळा फुटांत दीड इंच उतार म्हणजे टेबल त्याच दिशेने लांब ठेवल्यास पाच फुटांत जेमतेम अर्धा इंच फरक येतो. त्यासाठी पाय कमी-जास्त कापू नयेत, कारण टेबल जागचे हलवले की ते पुन्हा डगमगेल. प्रत्येक पायाच्या तळाला १२ मिलिमीटरचा नट ठोकून बसवावा आणि त्यात रुंद बैठकीचा बोल्ट फिरवावा. आधी शटरकडचे दोन बोल्ट फिरवून गरजेइतके खाली उतरवून टेबलावर लांबीच्या दिशेने पाणसळ लावावी, नंतर रुंदीच्या दिशेने, आणि सर्वांत शेवटी जो पाय हाताने हलतो त्याचा बोल्ट फरशीला टेकेपर्यंतच फिरवून वरचा चेकनट (बोल्ट पुन्हा फिरू नये म्हणून लावलेला दुसरा नट) आवळावा. लाकूड फरशीपासून अर्धा इंच वर राहिल्याने शटरखालून आलेले पावसाचे पाणी पायांत शोषले जाणार नाही, आणि उधई चढू लागलीच तर तिची मातीची रेघ त्या बोल्टवर लगेच दिसेल. तरीही पायांच्या तळाचे उघडे तंतू बसवण्यापूर्वी वॉर्निशमध्ये दोन-तीन वेळा बुडवून घ्यावेत.