उत्तर: बॅटरीच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर नुसता डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) पुरेल का?

डायोड बोर्ड वाचवतो, पण मोटर चालवणाऱ्या लाइनवर तो नको. एकतर ३ अँपिअरला साधारण १ व्होल्ट, म्हणजे ३ वॅट, नुसते उष्णतेत जातात. दुसरं जास्त वाईट: मोटर ब्रेक लावताना उलट फेकते तो करंट बॅटरीत परतू शकत नाही, कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं आणि ड्रायव्हर (मोटर चालवणारी चिप) उडतो.

त्याऐवजी पी-चॅनल मॉसफेट (ड्रेन, सोर्स, गेट अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा: ड्रेन बॅटरीकडे, सोर्स बोर्डाकडे (हेच हमखास उलटं जोडलं जातं), गेट १० किलोओहममधून ग्राउंडला, गेट-सोर्समध्ये १२ व्होल्टचा झेनर (तिथलं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड). मॉसफेट सुरू असताना करंट दोन्ही दिशांनी जाऊ देतो, म्हणून ब्रेकचा करंट बॅटरीत परततो.

१२ व्होल्टच्या लाइनला टीव्हीएस (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका रोखणारा डायोड) एसएमबीजे१५ए, फ्यूजच्या नंतर. झटक्याच्या पूर्ण (कमाल) करंटला तो २४.४ व्होल्टवर रोखतो. बोर्डावरचा रेग्युलेटर (स्थिर व्होल्टेज देणारा भाग) तेवढं सोसणारा हवा.