टाइमटेबलवाले सर गेले, तुमच्याकडच्या आठवणी लिहा

सर मागच्या महिन्यात गेले, घरीच, वय ८६. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात त्यांना कुणी नावानं ओळखलेलं मला तरी आठवत नाही, टाइमटेबलवाले सर म्हणलं की रिक्षावालाबी बरोबर घरी नेऊन सोडायचा. दिवसा शाळेत भूगोल, संध्याकाळी सार्वजनिक वाचनालय, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की सर गायब, ते डायरेक्ट शाळा उघडायच्या आदल्या दिवशी उन्हानं काळे पडून परत. ज्याला जे आठवल ते लिहा, शुद्धलेखनाचं टेन्शन घेऊ नका, लाल पेन चालवणारा माणूस आता नाही.

मीच सुरू करतो. नववीच्या सहामाहीला सरांनी प्रश्न टाकला, परभणीहून जम्मूतवीला जायचंय, कुठं गाडी बदलाल, किती वाजता बसाल, ५ मार्क. सोबत रेल्वेच्या टाइमटेबलचं पान चक्रमुद्रित करून दिलतं. तेव्हा आपल्याकडं मीटरगेज होती, मनमाडला उतरायचं आन बोजा डोक्यावर घेऊन ब्रॉडगेजच्या फलाटाकडं पळायचं, हे मला पाठ होतं कारण मामा नाशिकला. पण रेल्वेचं घड्याळ २४ तासाचं असतंय हे डोक्यातच नाही, १० वाजून ४० ला गाडी होती ती मी रात्रीची धरली. पेपरावर शेरा होता, "तुमची गाडी सकाळीच गेली." ५ पैकी २. अजून तिकीट काढताना मी वेळ दोनदा बघतो.

---

आमच्या आजोबांचं टेलरिंगचं दुकान वाचनालयाच्या समोर होतं. सर लहानपणी निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकलेले, १९४८ ला ते असतील दहा वर्षाचे. आजोबांना नंतर मोतीबिंदूमुळं दिसेना तर सर वाचनालय उघडायच्या आधी दुकानात बसून त्यांना उर्दू पेपर वाचून दाखवायचे, आजोबा मधीच उच्चार दुरुस्त करायचे आणि सर चक्क ऐकून घ्यायचे (वर्गात कुणी चूक काढली असती तर!). एप्रिलमध्ये आजोबा सरांच्या पँटीला आतून दोन चोरखिसे शिवून द्यायचे, एक पैशाला, एक तिकिटाला. सर्क्युलर तिकीट मिळायचं ना रेल्वेचं, गोल फिरून निघाल्या स्टेशनला परत यायचं, ते. शिलाईचे पैसे आजोबांनी कधी घेतले नाहीत, पण सर कुठूनबी आले तरी आधी दुकानात आणि मग घरी, हे आमच्या घरात फार अभिमानानं सांगायलेत अजून.

---

मी औसा तालुक्यातला, सरांच्या शाळेचा नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून झोपलेलो, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. त्याचं काही लिहीत नाही. दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडात राहत होतो तवा एक जण एसटीच्या टपावरून पत्र्याची पेटी उतरवून घेऊन आला. लोक रोजच यायचे, कपडे वाटायचे, फोटो काढायचे, आम्हाला वीट आलता. ह्या माणसानं पेटी उघडली, वही काढली आन विचारलं, वाचक कोण कोण, नाव सांगा. मी १३ वर्षाचा. त्या दोन महिन्यात माझं नाव लई याद्यांत चढलं होतं, जखमी, धान्य, ब्लँकेट, तात्पुरता निवारा. वाचक म्हणून पहिल्यांदाच. महिन्यानं सर पुस्तकं बदलायला परत आले, माझं अवकाळी पावसात भिजून फुगलेलं. म्हणले दंड पडंल, ४ आणे. आन घेतले! बाकीचे लोक त्यांच्यावर चिडले पण मला बरं वाटलं, तवर आमच्याकडून कुणी काही मागतच नव्हतं.

---

खडूस होते पण. संदर्भ ग्रंथ घरी नेऊ दिला नाही म्हणून मी सहा महिने बोललो नव्हतो.

---

मी त्यांची मोठी मुलगी. वाचून रडले आणि थोडा रागही आला, लिहूनच टाकते. बाबा मे महिन्यात फिरायचे तेव्हा मराठवाड्यात मे महिना कसा असतो ते आईला विचारा, हापशावर रांग, आम्ही तिघं लहान, आजी अंथरुणाला. बाबांची पत्रं यायची, रामेश्वरला पूल कसा उघडतो याचं दोन पानं वर्णन, आणि शेवटी "तिकडे पाणी आले का?" आईनं समुद्र पहिल्यांदा बघितला ६१ व्या वर्षी, भजनी मंडळाच्या बायकांसोबत. त्यांनी तिला नेलं नाही. शेवटी शेवटी त्यांना ते लागायचं, बोलायचे नाहीत, टाइमटेबल घेऊन आईजवळ बसायचे फक्त.

---

ताई, बरं केलं लिहिलंत.

---

मी वाचनालयात १९ वर्षं कामाला. सरांनी मला पुस्तकाचा कणा शिवायला शिकवला, खळीत मोरचूद टाकायचं म्हणजे कसर लागत नाही, आणि सुई आपल्याकडं ओढायची, पुस्तकाकडं नाही. अनुदान यायला उशीर झाला की माझा पगार ते खिशातून द्यायचे, ते मला वर्षभरानं दुसऱ्याकडून कळलं. पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या ड्युईच्या पद्धतीवर मात्र कायम तणतण. म्हणायचे, २०० ते २९९ धर्माला दिले आणि त्यातला बहुतेक भाग एकट्या ख्रिस्ती धर्मालाच, आता तुकोबाची गाथा हिंदू धर्माच्या २९४.५ मधी टाकू का मराठी साहित्याच्या ८९१.४६ मधी? एक प्रत तिथं, एक इथं ठेवली शेवटी.

ताईंनी परवा सरांच्या प्रवासाच्या ३४ वह्या आणून दिल्या. दाखल नोंदवहीत घेतल्या, शिक्के मारले. वर्ग क्रमांक ९१५.४ टाकणार होतो, भारतातला प्रवास. तेवढ्यात काकू, म्हणजे ताईंच्या आई, आल्या, चष्मा लावून एक वही उभ्या उभ्या चाळली. म्हणल्या, "ह्यात प्रवास कुठाय, सगळा चहाचा हिशोब हाय." खरंच तसं आहे, चहा ३० पैसे, केळी, हमाल, पोस्टकार्ड. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि दुसरी वही मागितली. सध्या क्रमांक पेन्सिलनं लिहून ठेवलाय.