ब्रह्मी सागवानाचा ब्रिटिशकालीन व्यापार: उभं झाड आधी का मारत?

प्रश्न: बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन (स्थापना १८६३) सागवान तोडण्याआधी दोन-तीन वर्षं उभ्यानेच वाळवत असे. एवढं भांडवल का अडकवायचं? आणि ओंडका मोजायचे कसा?

प्रतिसाद १: ओलं सागवान पाण्यात बुडतं आणि माल तर नदीनेच न्यायचा. म्हणून बुंध्याभोवती साल आणि आतलं पांढरं लाकूड थेट गाभ्यापर्यंत गोलाकार कापत. पांढऱ्याची बोटभर पट्टी राहिली तरी झाड जगतं, वर्षं फुकट जातात. वाळलेले ओंडके हत्ती ओढ्यात आणून टाकत. पूर आला की ते इरावती नदीकडे वाहत जात. पावसाने ओढ दिली तर माल तिथेच अडकणार, व्याज मात्र चालूच.

प्रतिसाद २: मोजणी पाव घेराची. मधला घेर ६ फूट, लांबी २० फूट. पाव घेर १.५, वर्ग २.२५, गुणिले २० म्हणजे ४५ घनफूट. खरं घनफळ ५७ च्या आसपास भरतं. फरक कापणीतल्या घटीचा.

प्रतिसाद ३: ओंडके कमी दाखवल्याचा ठपका ठेवून ब्रह्मदेशाचा राजा थिबा याच्या दरबाराने १८८५ मध्ये याच कंपनीला जबर दंड केला. तेच निमित्त करून इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली आणि थिबा रत्नागिरीत नजरकैदेत आला.